अधिवेशनाच्या खोल्या : एकत्र बुकिंगचा फायदा कोणाला आणि कधी?

अधिवेशन ठरले की पहिली बैठक बहुधा पाहुणे आणि भाषणे यांतच संपते. अध्यक्ष कोण, उद्घाटन कोणाच्या हस्ते, ठराव किती, हे सारे ठरते. बाहेरगावच्या प्रतिनिधींच्या राहण्याचा विषय मात्र ‘होऊन जाईल’ या दोन शब्दांवर सोडला जातो. मग आदल्या आठवड्यात धावपळ सुरू होते. दहा जण एका लॉजवर, पाच जण दुसऱ्या टोकाला, बाकीचे नातेवाइकांकडे, अशी विभागणी होते. परगावचा कारागीर दोन दिवसांची रोजी बुडवून येतो आणि त्यातील अर्धा दिवस खोली शोधण्यात घालवतो.

व्यापारी संघटना, कारागिरांच्या जमाती, शिक्षण संस्था यांची अधिवेशने आता अमरावती आणि अकोला येथेही होऊ लागली आहेत. त्यामुळे खोल्यांचे एकत्र बुकिंग म्हणजे काय, त्यात फायदा कसा होतो आणि तोच फायदा अंगावर कधी उलटतो, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत. आमच्या वाचकांना ठोक खरेदी नवी नाही. खोल्यांचे एकत्र बुकिंग ही एक ठोक खरेदीच आहे. फरक एवढाच की या मालाला साठवण नाही.

वऱ्हाडची जुनी ओळख

मोठी अधिवेशने भरविणे वऱ्हाडला नवे नाही. १८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले होते. सर शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागत समितीची धुरा दादासाहेब खापर्डे यांच्याकडे होती. मराठी साहित्य संमेलन १९१२ मध्ये अकोल्यात हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली झाले. पुढे १९८१ मध्ये गो. नी. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा अकोल्यात आणि १९८९ मध्ये के. ज. पुरोहित यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत भरले.

त्या काळच्या अधिवेशनांत पाहुण्यांची राहण्याची सोय स्वागत समिती करीत असे. गावातील वाडे, बंगले, शाळा, वसतिगृहे आणि लागल्यास तंबू यांवर काम भागे. आज वाडे पडले आणि शाळांना सुट्या कमी झाल्या. घरातही पूर्वीसारखी जागा उरली नाही. स्वागत समितीचे जुने काम हॉटेलच्या मॅनेजरसमोर बसून करावे लागते. पद्धत बदलली, पण काम तेच आहे : किती माणसे येणार याचा अंदाज बांधणे आणि तेवढ्यांची जबाबदारी घेणे.

हॉटेलवाला दर का उतरवतो?

बागवान बांधवांना हे लगेच कळेल. पिकलेली केळी आज विकली नाहीत तर उद्या त्यांना भाव नाही. खोलीचे त्याहून कठीण आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, कारण आजची रात्र गेली ती गेली. नोकरांचा पगार, विजेचा स्थिर आकार आणि बँकेचा हप्ता खोली भरली तरी लागतो, रिकामी राहिली तरी लागतो. एक खोली जास्त भरल्याने वाढणारा खर्च धुलाई, पाणी आणि थोडी वीज एवढाच असतो.

म्हणून दोन महिने आधी कोणी येऊन पन्नास खोल्यांची खात्री दिली तर मॅनेजर दर खाली आणतो. दुसरेही कारण आहे. खोल्यांबरोबर सभागृहाचे भाडे, नाश्ता आणि जेवण यांचा धंदाही त्याला मिळतो. तिसरे कारण कमिशनचे. बुकिंगच्या संकेतस्थळामार्फत आलेल्या गिऱ्हाइकामागे हॉटेलला कमिशन द्यावे लागते. थेट आलेल्या गटामागे ते वाचते आणि त्यातील हिस्सा मागण्याचा हक्क गटाला आहे.

बहुतेक हॉटेले दहा किंवा अधिक खोल्या एकदम घेतल्या तर ‘गट’ मानतात. परंतु बोलणी करण्यापूर्वी त्याच तारखांचा एका खोलीचा दर संकेतस्थळावर पाहून घ्यावा. कधी कधी ‘गटाचा खास दर’ म्हणून सांगितलेला आकडा मोबाइलवर दिसणाऱ्या दरापेक्षा जास्त निघतो.

दराखेरीज इतर फायदे आहेत आणि आमच्या मते ते दरापेक्षा मोठे आहेत. काही हॉटेले ठराविक खोल्यांमागे एक खोली मोफत देतात. मात्र ती विचारल्याशिवाय मिळत नाही. पुरेशा खोल्या घेतल्या तर सभागृहाचे भाडे माफ होते किंवा निम्मे होते. स्वयंपाकघराशी हलाल मटण-चिकनबद्दल आधी बोलता येते. नमाजसाठी एक दालन आणि वजूसाठी पाण्याची सोय मागता येते. एकट्या गिऱ्हाइकाने हे मागितले तर मॅनेजर हसून टाळतो, पण पन्नास खोल्यांचा गट मागतो तेव्हा तो वहीत लिहून घेतो.

आणखी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. परगावी काउंटरवर नाव सांगितल्यावर ‘खोली शिल्लक नाही’ असे उत्तर ऐकण्याची वेळ आपल्यापैकी काहींवर आलेली आहे. नावांची यादी आधी दिलेली असेल, हॉटेलने ती सहीशिक्क्यानिशी स्वीकारली असेल आणि विसार पोचल्याची पावती हातात असेल, तर रात्री अकरा वाजता उतरणाऱ्या एकट्या कारागिराला हे उत्तर देणे अवघड जाते. संस्थेच्या लेटरहेडचा हा उपयोग दरातील सवलतीपेक्षा कमी मोलाचा नाही.

हिशोब मांडून पाहू

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा बाहेरगावचे १२० प्रतिनिधी येणार आहेत आणि मुक्काम दोन रात्रींचा आहे. दोघांत एक खोली धरली तर ६० खोल्या लागतील. एकेकट्याने घेतल्यास खोलीचा दर १८०० रुपये आणि गटाला १४०० रुपये मिळाला असे धरू. त्यावर ५ टक्के जीएसटी लागेल.

एकेकट्याने घेतल्यास एका खोलीचे एका रात्रीचे १८९० रुपये होतात. ६० खोल्या दोन रात्री म्हणजे १२० भाडी. एकूण २ लाख २६ हजार ८०० रुपये. गटाच्या दराने तेच भाडे १४७० रुपये पडते आणि एकूण १ लाख ७६ हजार ४०० रुपये होतात. बचत ५० हजार ४०० रुपये, म्हणजे माणशी ४२० रुपये. एका प्रतिनिधीला दोन रात्रींचे १८९० ऐवजी १४७० रुपये द्यावे लागतील. रोजंदारीवर जगणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही.

आता हेच उदाहरण उलटे पाहू. संयोजकांनी ६० खोल्यांची पक्की हमी दिली, पण प्रत्यक्षात ८० च प्रतिनिधी आले. त्यांना ४० खोल्या पुरल्या. हॉटेलला मात्र ६० खोल्यांचे १ लाख ७६ हजार ४०० रुपयेच द्यायचे आहेत. ही रक्कम ८० जणांत वाटली तर माणशी २२०५ रुपये पडतात. म्हणजे एकट्याने जाऊन घेतलेल्या खोलीपेक्षा ३१५ रुपये जास्त! प्रतिनिधींकडून १४७० रुपयेच घेतले असतील तर १ लाख १७ हजार ६०० रुपये जमा होतील आणि उरलेले ५८ हजार ८०० रुपये संयोजकांच्या खिशातून जातील.

हा खिसा बहुधा तीन-चार माणसांचाच असतो. पुढच्या वर्षी तीच माणसे अधिवेशनाचे नाव काढत नाहीत. एखादी चांगली संस्था अशा रिकाम्या खोल्यांपायी बंद पडू शकते. म्हणून हॉटेलवाला सवलत कशाला देतो हे नीट समजून घ्यावे. तो खात्रीची किंमत देतो. आपल्याजवळ खात्री नसताना ती विकली तर ती पुढे आपल्यालाच चढ्या भावाने परत घ्यावी लागते.

हमीचा आकडा

यावर उपाय आहे. करारात दोन आकडे ठेवावेत : एक हमीचा आणि एक राखीव. वरच्या उदाहरणात ४० खोल्यांची हमी द्यावी आणि २० खोल्या ठराविक तारखेपर्यंत राखून ठेवण्यास सांगावे. त्या तारखेपर्यंत नावे आली नाहीत तर त्या खोल्या हॉटेलने मोकळ्या कराव्यात आणि त्यांचा आकार घेऊ नये. हॉटेल याला तयार नसेल तर हमी ८० टक्क्यांवर आणावी. तेव्हा ४८ खोल्यांचे १ लाख ४१ हजार १२० रुपये द्यावे लागतील आणि तूट ५८ हजार ८०० वरून २३ हजार ५२० वर येईल.

हमीचा आकडा ठरविताना तोंडी होकार मोजू नयेत. व्हॉट्सअॅपवर ‘इन्शाअल्लाह येतो’ असे लिहिणारे शंभर आणि पैसे भरणारे चाळीस हा फरक नेहमीचा आहे. ज्याने निम्मी रक्कम भरली तोच प्रतिनिधी धरावा. मागील अधिवेशनाची हजेरी-वही उपलब्ध असेल तर किती जणांनी नाव दिले आणि किती जण आले हे पाहावे. तो आकडा कोणत्याही उत्साही भाषणापेक्षा खरा असतो.

मुदत पाळण्याचे महत्त्व सांगण्यासाठी एक मोठे उदाहरण देतो. हज कमिटी ऑफ इंडिया दरवर्षी लाखाहून अधिक हाजींसाठी मक्केत इमारती एकत्र भाड्याने घेते. एकेका हाजीला स्वतः जाऊन खोली ठरविणे शक्य नसते आणि परवडणारेही नसते. एकत्र बुकिंगचे याहून मोठे उदाहरण आपल्या समाजात दुसरे नाही. पण २०२५ च्या हजच्या वेळी खाजगी टूर कंपन्यांच्या वाट्याला आलेल्या पन्नास हजारांहून अधिक जागांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मीना येथील तंबू, राहण्याची जागा आणि वाहतूक यांचे करार सौदी अरेबियाने दिलेल्या मुदतीत पूर्ण झाले नाहीत. भारत सरकारच्या विनंतीनंतर १० हजार जणांसाठी पोर्टल पुन्हा उघडण्यास मान्यता मिळाली, पण बाकीच्या हजारोंचा प्रवास राहिला. दोष कोणाचा, हा वेगळा विषय आहे. धडा एवढाच की एकत्र बुकिंगमध्ये एक तारीख चुकली तर एकट्याचे नव्हे, सर्वांचे नुकसान होते.

तारीख कोणती धरावी?

दर मुख्यतः तारखेवर अवलंबून असतो. वऱ्हाडात तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि मधले काही दिवस सोडले तर उन्हाळ्यापर्यंत चालते. या दिवसांत सभागृहे आणि खोल्या वऱ्हाडी मंडळींनी भरलेल्या असतात. तेव्हा सवलत मागणे व्यर्थ आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. साध्या खोलीत पंख्यावर भागत नाही आणि वातानुकूलित खोलीचा दर वेगळा असतो.

चातुर्मासात हिंदू बांधवांकडे लग्ने नसतात. जुलै ते सप्टेंबर या काळात सभागृहे रिकामी असतात आणि मॅनेजरची भाषा गोड होते. दसरा-दिवाळीच्या बाजाराला अजून अवकाश असल्याने कापड, रेडिमेड, भांडी यांचे व्यापारीही दोन दिवस काढू शकतात. मात्र स्थानिक गर्दीचे दिवस टाळावेत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराची कावड यात्रा असते. ऋषिपंचमीला अकोल्याजवळच्या शेगावला भाविकांची रीघ लागते आणि त्या गर्दीचा भार अकोल्यातील लॉजवरही येतो. अमरावतीत नवरात्रात अंबादेवीची यात्रा असते. पावसाळ्यातले शनिवार-रविवार चिखलदऱ्याच्या पर्यटकांचे, त्यांतील काही जण अमरावतीतच मुक्काम करतात.

आपला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२७ मध्ये तो चंद्रदर्शनानुसार फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल. वर्षभर आधी सभागृह धरणाऱ्यांनी इंग्रजी कॅलेंडरबरोबर हिजरी तारखाही तपासाव्यात.

अमरावती की अकोला?

दोन्ही शहरांतून लेखी दरपत्रके मागवावीत. एका शहराचे दरपत्रक हाती असले की दुसऱ्या शहरात बोलणे सोपे जाते. मात्र केवळ खोलीचा दर पाहून शहर ठरवू नये.

अकोला मुंबई-हावडा या मुख्य लोहमार्गावर आहे. पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाल्यापासून नांदेड, परभणी, हिंगोली, वाशीम इकडच्या प्रतिनिधींना अकोला सरळ पडते. अमरावती स्टेशन मुख्य मार्गावर नाही. मुख्य मार्गावरच्या बहुतेक गाड्यांचे प्रवासी बडनेऱ्याला उतरतात आणि तेथून अमरावती सुमारे दहा किलोमीटर आहे. मुंबईहून रात्री निघणारी अमरावती एक्स्प्रेस मात्र सकाळी थेट अमरावतीत येते. एप्रिल २०२५ मध्ये बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, पण त्या लहान विमानातून अधिवेशन येत नाही, फार तर प्रमुख पाहुणे येतात. नागपूर, वर्धा, यवतमाळ, अचलपूर, परतवाडा येथील मंडळींना अमरावती जवळ. रेडिमेड आणि कापडाच्या व्यापाऱ्यांना बिझिलँड-सिटीलँडच्या ठोक बाजारात फेरी मारता येते हा अमरावतीचा वेगळा लाभ आहे. एका खेपेत अधिवेशन आणि खरेदी दोन्ही होतात.

काही संयोजक सभागृह एका शहरात आणि खोल्या दुसऱ्या शहरात घेण्याचा विचार करतात. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचे डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, हे खरे आहे. रस्ता चांगला असला तरी दोन शहरांतील अंतर शंभर किलोमीटरच्या जवळपास आहे. सकाळ-संध्याकाळ तेवढी ये-जा म्हणजे रोजचे चार तास बसमध्ये. खोलीत वाचलेले पैसे डिझेलमध्ये जातात. अमरावतीत जागा कमी पडली तर बडनेरा धरावे, अकोला धरू नये.

करारात काय लिहून घ्यावे?

कर्जाचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद सूरह बकरामध्ये आहे. तरीही आपले निम्मे व्यवहार ‘भाई, आपलाच माणूस आहे’ या वाक्यावर चालतात. आपला माणूस मॅनेजरच्या खुर्चीवरून बदलून गेला की वाक्यही जाते. म्हणून पुढील गोष्टी हॉटेलच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासह घ्याव्यात.

१) खोल्यांची संख्या आणि प्रकार. साधी किती, वातानुकूलित किती, जादा गादी टाकल्यास तिचा आकार किती.

२) दर खोलीचा आहे की माणशी. नाश्ता धरून की वगळून. कर धरून की वरून.

३) हमीचा आकडा, राखीव खोल्या आणि त्या सोडण्याची शेवटची तारीख.

४) विसार किती, उरलेली रक्कम केव्हा. किती दिवस आधी रद्द केल्यास किती परत मिळणार.

५) खोली केव्हा मिळणार आणि केव्हा सोडायची. आपल्याकडच्या अनेक लॉजवर चोवीस तासांचा हिशोब चालतो, तर मोठ्या हॉटेलांत दुपारी बाराचा. सकाळी गाडीतून उतरणाऱ्या प्रतिनिधीला दुपारपर्यंत बाहेर बसावे लागू नये म्हणून दोन-तीन खोल्या आदल्या रात्रीपासून घ्याव्यात. आंघोळ-तयारी तेथे उरकता येते.

६) हॉटेलने खोल्या कमी दिल्या तर काय. हे कलम आपले लोक घालतच नाहीत. जास्त पैसे देणारी वरात आली की गटाच्या दहा खोल्या कमी होतात. तसे झाल्यास त्याच दर्जाच्या दुसऱ्या हॉटेलात त्याच दरात हॉटेलने स्वखर्चाने सोय करावी, असे लिहून घ्यावे.

७) महिला प्रतिनिधी आणि कुटुंबे यांच्या खोल्या एका मजल्यावर. नमुन्यांचा माल, गठ्ठे, पेट्या ठेवण्यासाठी कुलूपबंद जागा.

प्रतिनिधींना ओळखपत्र सोबत आणण्यास आधीच कळवावे. निवडणूक ओळखपत्र किंवा वाहन परवानाही चालतो. नावांच्या यादीत नाव ओळखपत्राप्रमाणेच लिहावे. यादीत ‘बब्बूभाई’ आणि कार्डावर वेगळेच नाव, अशा गोष्टींनी काउंटरवर रांग वाढते.

विसार जप्त होण्याबाबत एक गोष्ट माहीत असावी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देवविते. पण वीस-तीस हजारांसाठी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा कागद आधी नीट वाचणे स्वस्त पडते.

पैसा कसा द्यावा, बिल कसे घ्यावे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी तो १२ टक्के होता. ७५०० च्या वरच्या खोलीवर १८ टक्के आहे. जुने दरपत्रक पुढे करून कोणी १२ टक्के लावत असेल तर दुरुस्त करून घ्यावे. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या लॉजला हा कर आकारता येत नाही.

ज्या व्यापाऱ्याला बिल आपल्या फर्मच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह हवे आहे, त्याने ते आधी सांगावे. साऱ्या खोल्यांचे एकच बिल संस्थेच्या नावे निघाले तर नंतर फोडून मिळत नाही. हॉटेल ज्या राज्यात असते त्या राज्याचा कर लागतो. म्हणून बुऱ्हाणपूरसारख्या परराज्यातील शहरातून येणाऱ्या व्यापाऱ्याने येथील बिलावर करवजावट मिळेल असे धरून चालू नये. बाकीचे आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

रोखीबाबत सावध राहावे. एका कार्यक्रमापोटी एका व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून बंदी आहे आणि दंड घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा आहे. आपल्या उदाहरणात खोल्यांचे १ लाख ७६ हजार होतात, जेवण आणि सभागृह मिळविले की दोन लाखांची रेषा ओलांडली जाते. म्हणून विसारापासून सर्व रक्कम चेकने किंवा बँकेतून द्यावी. प्रतिनिधींकडून घेतलेली रक्कमही संस्थेच्या खात्यात घ्यावी, एखाद्या कार्यकर्त्याच्या मोबाइलवर घेऊ नये. ती रक्कम अमानत आहे. अधिवेशन संपल्यावर आठ दिवसांत जमा-खर्चाचा कागद सर्वांना पाठविला की पुढच्या वर्षी पैसे मागताना तोंड लपवावे लागत नाही.

सर्वांना हॉटेल हवेच का?

नको. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १२० पैकी वीस-पंचवीस जणांचे नातेवाईक गावात असतात. काही तरुण कारागिरांना ७३५ रुपये रात्रही जड जाते. त्यांच्यासाठी शादीखाना, शाळेचे सभागृह किंवा वसतिगृह घेऊन बिछायत केंद्रातून गाद्या आणाव्यात. आपल्या मन्सूरी बांधवांच्या हातच्या गाद्या आणि अकोटच्या सतरंज्या असलेल्या वऱ्हाडात हे अशक्य नाही. तीन पर्याय ठेवावेत : हॉटेल, तीन-चार खाटांची लॉजची खोली आणि सभागृहातील बिछाना. प्रत्येकाचा दर अर्जातच छापावा आणि कोणी कोणता घेतला याची चर्चा होऊ देऊ नये. हॉटेलची हमी पहिल्या पर्यायाचे पैसे भरणाऱ्यांपुरतीच द्यावी.

मोठ्या इमारतीत सर्व एकत्र राहिले की रात्रीच्या जेवणानंतर खरे अधिवेशन सुरू होते. परतवाड्याचा फर्निचरवाला नांदेडच्या दुकानदाराला भेटतो, बाळापूरचा कारागीर मुंबईच्या आडत्याला नमुना दाखवितो. व्यासपीठावरच्या दहा ठरावांपेक्षा असा एक सौदा घरात जास्त काळ टिकतो. राहण्याची सोय चार टोकांना विखुरली तर प्रतिनिधी भाषण ऐकून निघून जातो आणि ओळख राहून जाते.

तेव्हा पुढील अधिवेशनाच्या पहिल्याच बैठकीत खोल्यांचा विषय क्रमांक एकवर घ्यावा. दोन जबाबदार माणसे नेमावीत, त्यांतील एकाला हिशोब येत असावा. चार महिने आधी तीन हॉटेलांची लेखी दरपत्रके मागवावीत, तीन महिने आधी प्रतिनिधींकडून निम्मे पैसे घ्यावेत आणि जमा झालेल्या पैशाइतकीच हमी द्यावी. अध्यक्ष कोण हे त्यानंतर ठरविले तरी चालेल.